मागे राहिलेलं रक्त

मंगळवारी कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये माझा भाऊ गेला. हृदय बंद पडलं.

त्याला एचआयव्ही होता, पण तो त्यामुळे गेला नाही, हे मला अनेकांना सांगावं लागलं. तो रोज गोळी घ्यायचा. रक्तातला विषाणू इतका कमी झाला होता की तपासणीत सापडत नसे. याला 'अनडिटेक्टेबल' म्हणतात, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे त्यानंच मला समजावलं होतं. आईला फोनवर तो एवढंच सांगे, "रिपोर्ट चांगला आहे."

तिथल्या युनिव्हर्सिटीच्या एका संशोधनासाठी तो वर्षानुवर्षं रक्त देत होता. औषध चालू असतानाही विषाणू काही पेशींत दडून राहतो आणि औषध थांबवलं की पुन्हा वाढतो. तो नेमका कुठे दडतो, हे ते लोक शोधत होते. त्याच युनिव्हर्सिटीनं पूर्वी भावाला प्रवेश नाकारला होता. "ताई, मला ज्यांनी नाकारलं, त्यांनी माझ्या रक्ताला ॲडमिशन दिली," असं तो म्हणायचा.

अस्थी आम्ही बंदराबाहेर समुद्रात सोडल्या. मी ओटावाला माझ्या घरी परतले, तेव्हा संशोधनातल्या नर्सचा फोन आला. त्याच्या रक्ताचे नमुने फ्रीझरमध्ये होते. ते ठेवायचे की नष्ट करायचे, हे बहिणीनं ठरवावं, असं तो सांगून गेला होता.

मी नाशिकला फोन करून आईला विचारलं.

"नष्ट करायला सांग. सगळं पाण्यात सोडलंस ना? मग रक्त कशाला मागे? जीव अडकतो गं."

"त्यांना उपयोग आहे त्याचा, आई."

"त्याला झाला का?"

मी फोन ठेवला आणि नर्सला लावला.

त्यानं स्वतःच का ठरवलं नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्याला ठेवायचेच होते. पण म्हणाला, घरच्यांना माझं सगळं परत हवं असेल, तर अडवू नका."

ते मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

"किती थंडीत ठेवतात?"

"बर्फाहून पुष्कळ थंड."

"त्याला थंडी सोसायची नाही," आई म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. त्याच्या मनात होतं ना."

मी नर्सला तसं कळवलं. नळ्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. त्या अजून तिथे आहेत.