उस्तादांचे कान

आमच्या ह्यांना अख्खा रस्ता उस्ताद म्हणतो. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करताहेत, पण नाव झालं ते कानांमुळे. बॉनेट उघडायच्या आधीच हे सांगणार, "तिसरा सिलिंडर," आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालणार. पुढच्या खोलीत सुट्या भागांचं काउंटर मी सांभाळते, त्यामुळे हा कौतुकसोहळा मला रोज फुकट बघायला मिळतो. कौतुकानं माणूस किती हेकट होतो, तेही.

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. ह्यांनी त्यांचा टायमिंग बेल्ट बदलला होता आणि तेव्हापासून इंजिन शिट्टी घालत होतं.

"ईईई असा आवाज, उस्ताद. वेग वाढला की वाढतो. शिकणारे घाबरून भररस्त्यात ब्रेक दाबतात!"

पहिल्या खेपेला ह्यांनी पाण्याचा पंप बदलला, दुसऱ्या खेपेला बाहेरचा पट्टा. ह्या खेपेला लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून अर्धा तास वाकून उभे राहिले. मग कंबर धरून सरळ झाले.

"काही नाही. तुमच्या कानातच वाजत असेल, मॅडम."

मला ती शिट्टी काउंटरवर बसून स्वच्छ ऐकू येत होती. पहिल्या दिवसापासून येत होती, आणि मी मूग गिळून बसले होते. ह्यांचा राग येत होता, त्याहून जास्त माझा.

दोन वर्षं झाली, ह्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. धुण्याच्या मशीनची टुकटुक येत नाही. खडखड, घरघर सगळी कळते, बारीक आवाज तेवढे निसटतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?" मग मीच बेल वाजताक्षणी उठायला लागले. ह्यांचं गुपित ह्यांच्यापासूनच लपवत होते. शहाणीच मी!

बेल्ट ताणायची ह्यांची स्वतःची पद्धत आहे. थोडा घट्ट करायचा, इंजिन चालू करून ऐकायचं, पुन्हा घट्ट करायचा. बारीक शिट्टी वाजली की केसभर सैल करायचा. पण शिट्टी ऐकूच आली नाही, तर माणूस घट्ट करतच जाणार ना!

"बेल्ट तुटला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली तर?" बाई म्हणाल्या. "शिकणाऱ्याचा जीव माझ्या भरवशावर असतो."

ह्यांनी पाना आपटला. "मग दुसरीकडे दाखवा!"

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. तेव्हा मात्र मी उठले, ह्यांना दंडाला धरून आत नेलं आणि रॅकमागे उभं केलं.

"अहो, शिट्टी वाजतेय. बेल्ट जास्त घट्ट झालाय."

"तूसुद्धा?"

"तुम्हाला ऐकू येत नाही. बेलही येत नाही. दोन वर्षं झाली."

चिडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी दंडावरचा माझा हात हलकेच काढला. मग बाहेर गेले आणि बाईंना म्हणाले, "बसा आत. मी सांगेन तसं चालू-बंद करा."

झाकण काढलं, नट सैल केला, बेल्टला ताण देणारा टेन्शनर जरासा फिरवून पुन्हा आवळला. इंजिन चालू झालं. उघड्या बॉनेटमागून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आहे, मी मानेनं सांगितलं. पुन्हा बंद, पुन्हा केसभर. आवाज कमी झाला, पण होता. तिसऱ्यांदा शिट्टी गेली. नाही, मी मानेनं सांगितलं.

बाई खूश होऊन खाली उतरल्या. "गेला! शेवटी उस्तादांच्या कानांनी पकडलाच."

आयती सुटका मिळाली होती. बाईंनी काही पाहिलं नव्हतं, आणि मी तर जन्मात बोलले नसते. हे फडक्याला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी.

"मला तो आवाज आलाच नाही, मॅडम," हे म्हणाले. "तेव्हाही नाही, आत्ताही नाही. हिला विचारा, खरंच गेला का."