पुढची सलग सीट

शेजारच्या जर्मन आजींचे यजमान गेले आणि गॅरेजमध्ये दोन जुन्या अमेरिकन गाड्या मागे राहिल्या. एकच ठेवायची होती. मी इथल्या नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात ब्रेकचं काम करतो, म्हणून कुठली ठेवू हे आजींनी मला विचारलं. रविवारी दोन्हींत बसून बघ म्हणाल्या, मुलीलाही आण.

मुलगी माझ्याशी पाच आठवडे बोलत नव्हती. तिने इंजिनिअरिंग सोडून सुतारकामाची आउसबिल्डुंग, म्हणजे हाताखाली राहून शिकायची उमेदवारी, धरली आणि मी बोलून बसलो, "रंधा मारायला एवढं शिकवलं का तुला?" पुढच्या आठवड्यात ती त्यासाठी दुसऱ्या गावी राहायला जाणार होती. अशीच न बोलता गेली तर, ही भीती मला होती. रविवारी आली ती आजींचा शब्द मोडवेना म्हणून.

आधी साठच्या दशकातली काढली. लांब बॉनेट, पुढे दोन सुट्या सीटा, सुरक्षेचे पट्टे, डिस्क ब्रेक. आजींनी नुसता पाय टेकवला की गाडी जागच्या जागी उभी. मी खूश. मुलगी मागच्या अरुंद जागेत, गुडघे पोटाशी घेऊन. "पुढे बसतेस का?" विचारलं, तर जर्मनमध्ये तुटक नकार, "नाइन."

मग दुसरी, पहिलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी जुनी. मागे पंखांसारखे उठलेले पत्रे, आणि लग्नातल्या भांड्यांसारखं चकचकीत क्रोम. वजन हत्तीचं, ब्रेक ड्रमचे, स्टिअरिंग फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही. पट्टे तर नाहीतच. त्या काळी बसवत नसत, म्हणून आजही तशीच चालवू देतात. माझ्या हाताखालून असली गाडी बाहेर पडली नसती. पण पुढची सीट बाकासारखी सलग होती. "हिच्यात मागे कुणी बसत नाही," आजींनी बजावलं आणि मुलीला मधे बसवलं.

उतारावर शेतातून एक ट्रॅक्टर रस्त्यात आला. आजींनी ब्रेकवर सगळा भार टाकला, गाडी सावकाश विचार करून थांबली, आणि त्या गुळगुळीत सीटवरून मुलगी पुढे घसरली. तोवर माझा डावा हात तिच्या आडवा गेला होता. ती चार वर्षांची असताना बसमध्ये जायचा तसाच.

ट्रॅक्टर गेला. मी ओशाळून हात मागे घेऊ लागलो.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. मराठीत.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"गेनाऊ. चुकलंच."

डोळे भरून आले, ते लपवायला मी बाहेरचे द्राक्षांचे मळे बघत राहिलो.

दारात गाडी उभी करून आजींनी विचारलं, "आल्झो, मग कुठली ठेवू?"

डिस्क, पट्टे, थांबायला लागणारं अंतर, सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"ही ठेवा," मी म्हणालो. हात अजून तिथेच होता.