मुलीच्या पाठीला मिळालेली स्थगिती

अर्जदार: तलासरीच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, राहणार झरी. विषय: अर्जदाराच्या एकुलत्या मुलीचा पाठीचा कणा. कालावधी: सन २०१५ ते २०१८. साक्षीदार: डहाणूचे हाडांचे डॉक्टर, शेजारीण, आणि लग्नाला जमलेला सर्व पाडा. नावे मुद्दाम वगळली आहेत.

शाळेच्या तपासणीत मुलीला पुढे वाकवले तेव्हा एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या. ती सातवीत होती. माझे शिक्षण त्याच इयत्तेत संपले, तरी माझ्या मसुद्यात आजवर कोणा साहेबाने खाडाखोड केलेली नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, की कणा एका बाजूला वाकत चालला आहे; शस्त्रक्रिया टाळायची तर कडक प्लास्टिकचा पट्टा वाढ थांबेपर्यंत रात्रंदिवस बांधावा.

"म्हणजे पाठ सरळ होईल?"

"नाही. वाक आहे तिथे थांबला तरी पुष्कळ."

"म्हणजे स्थगिती," मी म्हणालो.

डॉक्टर हसले. "तसंच धरा. पण रोज पाळायची."

मुलीची आई ती लहान असतानाच वारली. पट्ट्याचे बंद मागे येत. सुरुवातीला शेजारीण येऊन ते आवळत असे. पुढे मुलगी भिंतीकडे तोंड करून स्वतःच आवळू लागली. मी ओट्यावर बसून बंदांचा आवाज ऐकत असे. उन्हाळ्यात आतला सुती बनियन दिवसातून दोनदा पिळावा लागे.

पुढच्या वर्षी पाड्यात लग्न होते. आमच्याकडे नाचताना एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरतात. मुलगी साखळीत शिरली तेव्हा तिची आतेबहीण म्हणाली, "अगं, तुला धरलं की कुडाच्या भिंतीला धरल्यासारखं वाटतं." सगळ्या हसल्या. मुलगीही हसली आणि माझ्याकडे आली.

"बाबा, नाच होईपर्यंत काढू? डॉक्टर व्यायामाला काढू देतात."

"नाच हा व्यायाम नव्हे. आदेश म्हणजे आदेश."

"गावाचे अर्ज लिहिता. माझाही एक घ्या की."

"तोंडी अर्ज विचारात घेता येत नाही."

ती माझ्याशेजारच्या खुर्चीवर ताठ बसून राहिली. वाक वाढू नये एवढेच माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि आजही आहे. त्यानंतर तिने माझ्याकडे काहीच मागितले नाही.

वाढ थांबली, पट्टा सुटला, आणि मुलगी डहाणूच्या वसतिगृहात शिकायला गेली. पट्ट्याविना वाक तिथेच थांबला का, हे पाहण्यासाठीचा शेवटचा एक्स-रे तिने मला न नेता काढला. फोनवर म्हणाली, "ठीक आहे," आणि तास सुरू झाल्याचे सांगून फोन ठेवला. "ठीक" या शब्दावर कोणतीही कचेरी निकाल देत नाही. आता घरात मी एकटा जेवतो.

सबब मुलीस विनंती, की वाक होता तिथेच आहे की वाढला, हे अर्जदारास स्पष्ट शब्दांत कळवावे. उत्तर शक्यतो समक्ष येऊन द्यावे. अर्जदार कचेरी सुटल्यावर घरीच असतो, रविवारी दिवसभर.