धोवणाची बरणी

आमच्या लॅबमधले जुने कुणी दोघे भेटले की पोह्यांची प्लेट संपायच्या आत चार किस्से तरी निघतातच. याला कारण आमचे दिघेकाका. त्यांच्या लॅबमध्ये काहीही फेकायला बंदी होती, त्यामुळे किस्सेही साठत गेले असावेत.

लॅब इंदूरच्या पोलोग्राउंडात, दोन खोल्यांची. मध्यप्रदेश नुकताच झाला होता. आमच्या लेटरहेडवर अजून मध्यभारतच होतं, पण कागद वाया घालवायचा नाही म्हणून काका पेनाने दुरुस्ती करून पत्रं पाठवायचे. काम काय, तर जुन्या मशिनांच्या तारा, काँटॅक्ट, मोडकी भांडी ॲसिडात विरघळवून त्यातलं प्लॅटिनम आणि त्याच्या भाऊबंदांना वेगळं काढायचं. काका मालक, नलूताई पागनीस केमिस्ट, कन्हैयालालजी ॲसिडं सांभाळायचे, आणि मी एम.एस्सी. करून ट्रायलवर लागलेला.

*

पहिल्याच दिवशी कन्हैयालालजींनी माझी परीक्षा घेतली. प्लॅटिनमची तार नायट्रिकमध्ये उकळली, काही झालं नाही. हायड्रोक्लोरिकमध्ये उकळली, तरी काही नाही. मग दोन्ही एकत्र करून त्यात टाकली, तर पाणी पिवळं होऊ लागलं. मी अम्लराज, क्लोरीन, कॉम्प्लेक्स असं सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इत्ता लंबा काय को, भिया? दो भाई हैं. अलग-अलग रहें तो सीधे. साथ में बैठा दो, तो घर खा जाएं."

अख्ख्या एम.एस्सी.त मला इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

*

एकदा मानपूरचे एक शेठजी फडक्यात बांधून धातूचे तुकडे घेऊन आले. प्लॅटिनमच आहे, अशी त्यांची खात्री. कन्हैयालालजींनी एक तुकडा नुसत्या नायट्रिकमध्ये टाकून गरम केला. हळूहळू तांबूस तपकिरी रंग उतरायला लागला. तो पॅलेडियम निघाला, प्लॅटिनमचा धाकटा भाऊबंद. तो प्लॅटिनमसारखा ताठ राहत नाही, एकट्या नायट्रिकलाही शरण जातो.

शेठजींचा चेहरा पडला. नलूताईंनी त्यांना समजावलं की हाही चांगल्या घराण्यातलाच आहे. त्यावर शेठजी म्हणाले, "घराना तो ठीक है बाईजी, पर मैं तो बड़े वाले के भरोसे आया था."

*

आता बरणीबद्दल. मी लागलो त्याच आठवड्यात गाळणकागदावर उरलेली काळी भुकटी काजळी समजून कागदासकट केराच्या टोपलीत टाकली. ती ऱ्होडियमची होती, म्हणजे प्लॅटिनमच्याच एका महागड्या भाऊबंदाची. हा गृहस्थ दोन्ही भावांना एकत्र, म्हणजे अम्लराजालाही दाद देत नाही, तसाच तळाशी बसून राहतो. काका ओरडले नाहीत. टोपली माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. कागद सापडेपर्यंत दुपार गेली.

तेव्हापासून मीही बाकीच्यांसारखाच झालो. भांड्यांचं धोवण, फडकी पिळलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, धातूचा कणही वाया जाऊ नये म्हणून सगळं कोपऱ्यातल्या कमरेएवढ्या चिनीमातीच्या बरणीत. ती भरली की उपसून आतलं प्लॅटिनम काढायचं, असा काकांचा नियम होता आणि ती कधीच भरत नव्हती.

पुण्याहून काकांचे मेहुणे आले होते. पोहे खाऊन त्यांनी हात धुतले, तर काकांनी सवयीने तेही पाणी बरणीत ओतलं. नलूताई म्हणाल्या, "काका, या बरणीतून एक दिवस हळदच निघणार आहे."

*

त्या वर्षी एका कॉलेजचं प्लॅटिनमचं क्रूसिबल, म्हणजे पदार्थ तापवायची वाटी, आमच्याकडे साफ करायला आलं. त्यांच्याकडे तेवढं एकच, जुनं, झिजून पातळ झालेलं. त्यांचे प्रोफेसर स्वतः रुमालात गुंडाळून घेऊन आले आणि दोनदा वळून बघून गेले.

काम माझ्याकडे आलं. आधी नायट्रिकमध्ये उकळायचं, ते ओतून तीनदा पाण्याने धुवायचं, मग हायड्रोक्लोरिक. नेमकी त्याच दिवशी मुलीकडची मंडळी जुनी इंदूर भागात आमच्या घरी येणार होती. घाईत मी नायट्रिक ओतून टाकलंच नाही. त्याच बीकरमध्ये वरून हायड्रोक्लोरिक घातलं, मंद आचेवर ठेवलं आणि घरी पळालो.

मुलीच्या वडिलांनी एकच विचारलं, नोकरी पक्की आहे ना? मी हो म्हणालो.

चार वाजता परत आलो, तर कन्हैयालालजी आच बंद करून बीकरजवळ उभे होते. आतलं पाणी गडद नारिंगी झालं होतं. ते हळूच म्हणाले, "भिया, दोनों भाई को साथ बैठा दिया."

क्रूसिबलच्या तळाला टाचणी जाईल एवढं भोक पडलं होतं. बीकर मोरीपर्यंत नेला, हे मी आज कबूल करतो. पण हाताला सवय लागलेली. तो आपोआप वळला आणि सगळं बरणीत ओतून मोकळा झाला. मग जाऊन काकांना खरं काय ते सांगितलं.

त्यांनी क्रूसिबल उजेडाला धरून भोकातून पाहिलं. मग विचारलं, "धोवण कुठे आहे?"

"बरणीत."

"मग काढ."

बरणी पहिल्यांदाच, न भरता उपसली. नलूताई आणि मी आठ दिवस ते गाळत होतो, आटवत होतो. नवसागर घातल्यावर पिवळा साका बसला, तेव्हा नलूताईंनी आधी त्याचा वास घेऊन पाहिला. हळद नव्हती. तो जाळल्यावर करड्या स्पंजासारखं प्लॅटिनम उरलं. वजन केलं, तर जेवढं गेलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त!

कॉलेजचं तेवढं ठेवून बाकीचं बाजूला काढू का, असं मी विचारलं.

काका म्हणाले, "यातलं त्यांचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे तुला ओळखता येतं का? मग सगळंच घाल."

भोकाचं क्रूसिबल आणि तो स्पंज मुंबईला गेला आणि नवं घडवलेलं क्रूसिबल परत आलं. प्रोफेसर न्यायला आले. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, आमच्याच तराजूवर ठेवलं. वही काढून जुनं वजन पाहिलं, पुन्हा तोललं. मी नलूताईंच्या मागे उभा होतो आणि माझी नोकरी, माझं लग्न, सगळं त्या पारड्यात होतं.

"दिघेसाहेब," प्रोफेसर म्हणाले, "धुऊन वजन वाढलेलं क्रूसिबल मी जन्मात पाहिलं नाही."

काकांनी चष्मा पुसला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे नवीन माणूस आलाय. फार चांगलं धुतो."