जाळ्याला बांधलेले ट्रान्झिस्टर

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. बायको आतून विचारते, "कोणावर ओरडताय?" तिला काय सांगू? ज्यांच्यावर ओरडतो त्यांत एक मी स्वतः आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी चंद्रपूर जिल्ह्यात, शहराला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. त्या पावसाळ्यात गडचिरोलीच्या हद्दीजवळच्या एका जंगलातल्या चौकीवर आमचा एक तरुण शिपाई तापाने पडला. मेंदूत चढलेला हिवताप होता. नाल्याला पूर आलेला, रस्ता बंद. चौकीवर वायरलेस संच होता, पण तो दोन दिवसांपासून मुका झाला होता. सहकाऱ्यांनी शेवटी त्याला खाटेवर घालून पाण्यातून काढलं. दवाखान्याच्या पायरीवर तो गेला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी निरोप मिळाला असता तर पोरगा वाचला असता.

मग दोषी शोधायची धावपळ सुरू झाली, आणि आमच्या खात्यात दोषी शोधताना नजर नेहमी खालच्या दिशेला जाते. संच दुरुस्त करणारा वायरलेस हवालदार सापडला. निवृत्तीला आठ महिने उरलेला, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. आरोप असा की त्याने संचातले चांगले सुटे भाग काढून विकले आणि भंगार बसवलं. सरकारी मालाचा अपहार. गुन्हा माझ्या ठाण्यात दाखल झाला आणि वरिष्ठांचा फोन आला, "सरळ केस आहे. लवकर दोषारोपपत्र पाठवा."

सरळ केस म्हटलं की माझे कान टवकारतात. सेवेत मला सरळ केस फार थोड्या भेटल्या.

हवालदाराला समोर बसवलं. त्याच्या घराच्या झडतीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा मिळाला होता. तो मी टेबलावर उलटा केला. आतून धातूच्या टोप्या घरंगळल्या. सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, आणि प्रत्येकीला दोन बाजूंना दोन कान, कानांत भोकं. ते पॉवर ट्रान्झिस्टर होते. संचाला वीज पुरवणाऱ्या भागात ते बसतात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर चौकीचं नाव, संचाचा क्रमांक आणि काढल्याची तारीख.

"हे विकायला ठेवले होते?" मी आवाज चढवला.

"जळलेले कोन घेते साहेब?"

"मग साठवले कशाला?"

"पार्ट मेला तर काऊन मेला ते पाहा लागते. मानूस मेल्यावर तुमी पंचनामा करता, मी पार्टचा करतो."

"म्हणजे चांगले काढून हे बसवलेत तुम्ही."

"नाई साहेब. स्टोअरमंधून नवे आले, तेच लावले. हे नवेच आहेत. नवेच मेले."

मी तीन तास त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा तीच हकीकत सांगताना ती जास्त नीटनेटकी करतो. याची हकीकत पहिल्यासारखीच ओबडधोबड राहिली. मधे एकदाच त्याचा बांध फुटला. म्हणाला, "त्या पोराले संच चालवाले मीच शिकवलं होतं. काका म्हने मले. त्याचाच संच मी बिघडवीन?"

"नवे भाग खराब होते तर वर कळवलं का नाही?"

"दोनदा लिवलं. उत्तर आलं, मालासोबत प्रमाणपत्रं आहेत, दोष वापरणाराचा."

"उत्तर कोणी दिलं?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला. "फाईलमंधी असन साहेब."

दुसऱ्या दिवशी मी मुख्यालयातून खरेदीची फाईल मागवली. आदल्या वर्षी मी मुख्यालयातच होतो आणि स्थानिक खरेदी समितीत माझं नाव होतं. समितीचं काम म्हणजे चहा, बिस्किटं आणि सह्या, असं आम्ही समजायचो. फाईलमध्ये हवालदाराचं दुसरं पत्र होतं आणि त्याखाली त्याला गेलेलं उत्तर: 'पुरवठादाराकडे गुणवत्तेची सर्व प्रमाणपत्रे आहेत. याबाबत पुन्हा पत्रव्यवहार करू नये.' खाली सही माझी होती.

मला ते पत्र आठवत नव्हतं. मी ते न वाचताच सही केली असणार. आतापर्यंत दुसऱ्यांच्या सह्या पुढे करून मी कितीतरी लोकांना घाम फोडला होता. त्या दिवशी माझा सदरा पाठीला चिकटला. जो निरोप वेळेवर न पोचल्याने तो पोरगा गेला, तो निरोप अडवणाऱ्यांत मीही होतो.

मी वरिष्ठांकडे गेलो आणि पत्र दाखवलं. तपास दुसऱ्याकडे द्या म्हणालो. त्यांनी कागद वाचला, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे पान फाईलमध्ये असायलाच हवं असं नाही. आणि तपासही तुमच्याकडेच राहील."

"पान राहील साहेब," मी म्हणालो. "तपास माझ्याकडे ठेवायचा असेल तर केस डायरीचं पहिलं पान हेच असेल. काढायचं झालं तर तुम्ही लेखी आदेश द्या."

लेखी हा शब्द ऐकला की भल्याभल्यांची जीभ आखडते. आदेश काही आला नाही. मी ठाण्यात परतलो आणि पहिल्या पानावर माझं नाव, हुद्दा आणि चूक लिहिली.

पुरवठादार नागपूरचा होता. दुकान चकचकीत, भिंतीवर सोनेरी चौकटी. एका चौकटीत आयएसओचं प्रमाणपत्र, दुसरीत परदेशी कंपनीचं अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र.

"आपण सर्टिफाइड लोक आहोत साहेब," तो हसत म्हणाला. "बिनाकागदाचं काम आपल्याकडे होतच नाई. बसा, थंडा मागवतो."

"थंडा नको. सगळ्यांच्या प्रती द्या."

त्याने आनंदाने दिल्या. लबाड माणसाला कागद द्यायला फार आवडतं, कारण पोलीस कागद मोजतो, वाचत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

मी त्या प्रती घेऊन हवालदाराला ठाण्यात बोलावलं. तो जामिनावर सुटला होता. ठाण्यात कुजबुज झाली की ठाणेदार आरोपीची शिकवणी लावून बसलाय. लावली होती. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. त्या सबंध इमारतीत ते कागद समजणारा तोच एक होता.

"साहेब," तो म्हणाला, "कागद ज्यानं देला त्याले विचाराचं. ज्यानं दाखवला त्याले नाई."

एवढं साधं वाक्य प्रशिक्षणात मला कोणी शिकवलं नव्हतं. मी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पत्र टाकलं. उत्तर आलं की प्रमाणपत्र अगदी खरं आहे. फक्त ते त्या माणसाच्या दुसऱ्या कारखान्याचं आहे, आणि ते पुठ्ठ्याचे खोके बनवण्यासाठी दिलेलं आहे. कार्यक्षेत्राच्या रकान्यात ते इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं. समितीतल्या आम्हा तिघांपैकी कोणीही त्या रकान्यापर्यंत पोचलं नव्हतं. खोके उत्तम होते, हे मी आजही मान्य करतो.

परदेशी कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाने कळवलं की या नावाचा विक्रेता आम्हाला माहीत नाही. उरला मालासोबत आलेला चाचणीचा दाखला. हवालदाराने डब्यातला ट्रान्झिस्टर भिंगाखाली धरला. त्याच्या डोक्यावर चार आकडे होते. पहिले दोन म्हणजे बनल्याचं साल, पुढचे दोन म्हणजे त्या सालातला आठवडा. दाखल्यावरही हेच चार आकडे होते, आणि चाचणीची तारीख त्या आठवड्याच्या दोन महिने आधीची होती.

"म्हणजे बारशाच्या आधीच शाळा सोडल्याचा दाखला," मी म्हणालो. गुन्हा दाखल झाल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

पुरवठादाराला बोलावलं. त्याने हात वर केले. "मलाही कोणीतरी फसवलं साहेब. मी तर मुंबईहून आणतो." माल खोटा हे ठरलं होतं, पण तो त्याने बनवला हे ठरत नव्हतं. तेवढ्यावर तो सुटला असता आणि हवालदार अडकलेलाच राहिला असता, कारण माल तपासून घेतल्याची सही त्याची होती. वरिष्ठांचा फोन दोन दिवसांआड येऊ लागला.

अशात एका सकाळी ठाण्याच्या दारात आरडाओरडा ऐकू आला. ठाणे अंमलदार एका बाईला समजावत होता की हे काम मत्स्य खात्याचं आहे. बाई मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची, वरोरा रस्त्याकडच्या गावातली. एका हातात मेलेल्या मरळ माशांची टोपली, खांद्यावर फेकायचं जाळं.

"त्याहिनं पोलिसाकडे धाडलं, तुमी त्याहिच्याकडे धाडता. मी का चेंडू आहो?" ती म्हणाली.

मी तिला आत बोलावलं. गावच्या जुन्या मामा तलावावर, म्हणजे मालगुजारी काळातल्या तलावावर, त्यांच्या मच्छीमार सोसायटीचा हक्क होता. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून एक शेड झालं होतं आणि त्याचं पाणी तलावात येत होतं. मासे मरत होते. ती बोलत असताना माझी नजर जाळ्यावर गेली. जाळं बुडावं म्हणून काठाला शिशाचे मणी असतात. इथे मण्यांच्या अधेमधे धातूच्या चकचकीत टोप्या बांधल्या होत्या, दोन कानांच्या, दोन भोकांच्या.

"बाई, हे कुठून आणलं?"

"शेडामांगून. फेकून देतात ते लोक. दोनी आंगानं भोक आहे, बांधाले बरं."

"शेडात काय चालतं?"

"घासतो ना आमी बाया. म्या बी एक हंगाम केलं. टरकानं जुनं सामान येते. वरचं नाव घासाचं, तेजाबात धुवाचं, मंग तो मानूस नवीन शिक्का मारते. शिक्का वाकडा बसला का फेकते."

मी भिंग आणलं. जाळ्यावरच्या टोप्यांवर वाकडे, अर्धवट उमटलेले शिक्के होते, आणि त्यांत तेच चार आकडे. देशभरातल्या पोलिसांना, कंपन्यांना फसवायची तयारी करणाऱ्या त्या माणसाने शेडच्या मागे कोण राहतं याचा विचार केला नव्हता. ज्या घरात फाटक्या जाळ्याचा दोरासुद्धा वाया जात नाही, त्या घरांच्या दारात त्याने पुरावा टाकला होता.

मी शिपायाला जाळं जप्त करायला सांगितलं. बाईने ते छातीशी धरलं.

"जाळं देत नाई. मासे तेजाबानं मारले, आता जाळं तुमी नेता? खाऊ काय?"

ती बरोबर होती. मग आम्ही पंचांना घेऊन तलावाच्या पाळीवरच बसलो. दोरा कापून एकेक ट्रान्झिस्टर सोडवला, पाकिटात सीलबंद केला आणि प्रत्येकाच्या जागी आमच्या शिपायाने एकेक खडा बांधून दिला. एक गाठ सैल होती तर बाईने त्याच्याकडून ती पुन्हा बांधून घेतली. इतका चोख पंचनामा माझ्या नोकरीत दुसरा झाला नाही.

तिथूनच उठून भर दुपारी शेडवर छापा घातला. पॉलिश पेपर, तेजाबाची पिंपं, रबरी शिक्के, आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचे उत्तम खोके, प्रमाणित. खोक्यांवर पुरवठादाराच्याच कारखान्याचं नाव. त्याला मी फार विचारलंच नाही. टेबलावर जाळ्यातल्या ट्रान्झिस्टरांची पाकिटं ठेवली, शेजारी त्याचा शिक्का ठेवला आणि चहा पीत बसलो. माझा कप संपायच्या आत तो बोलायला लागला.

हवालदाराचं नाव आरोपींतून वगळण्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. त्याआधी वरिष्ठांनी एकदा शेवटचं समजावलं. "तुमच्या सहीचा उल्लेख गाळा. तुमच्याच बढतीचा प्रश्न आहे."

"साहेब, त्या उत्तरामुळे खोटे भाग चौकीवर राहिले आणि एक पोरगा गेला. हवालदाराची सही मोजायची असेल तर माझीही मोजा."

त्यांनी मोजली. माझी गोदावरीकाठच्या सिरोंच्याला बदली झाली आणि सेवापुस्तकात ताकीद चढली. बढती चार वर्षं लांबली. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. चांगलंच दुःख झालं. पण पुन्हा वेळ आली तर तेच करीन, आणि या वेळी पत्र वाचून मग सही करीन.

हवालदार सन्मानाने कामावर परतला आणि वर्दीतच निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी सिरोंच्याहून मुद्दाम आलो. त्याला बाजूला घेऊन सांगायचं होतं ते सांगितलं, की तुमच्या पत्राला उत्तर देणारा मी होतो.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुमची सही वळखतो मी. पयल्याच दिवशी माहीत होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी वाचता का नाई, ते पाहून राह्यलो होतो."

लोक अजून मला विचारतात, घरचा इन्व्हर्टर, शेतातल्या पंपाचं सर्किट, सुटे भाग घेताना दुकानदाराचं काय बघायचं. मी सांगतो, भिंतीवरची चौकट बघू नका. प्रमाणपत्र कोणत्या कामाचं, कोणत्या पत्त्याचं, मुदत कधीपर्यंत, ते वाचा. बनवणाऱ्या कंपनीला विचारा की हा तुमचा माणूस आहे का. मालावरचे आकडे आणि दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवा. कोणी हसलं तर हसू द्या. आम्ही काही तपासलंच नाही, म्हणून आमच्यावर कोणी हसलं नाही, आणि एक पोरगा गेला.

माझ्या बैठकीत एकच कागद चौकटीत लावलेला आहे. पाहुणे तो पदकाचा समजून जवळ जातात आणि वाचून मागे सरतात. ती माझी ताकीद आहे. देणारा अधिकारी खरा, शिक्का खरा, तारीख खरी, आणि आत लिहिलेला दोषही खरा. कोणीही खुशाल पडताळून पाहावा.