सही नसलेली फेरी

ती घटना आजही आठवली की पाण्याचा पेला उचलताना माझा हात थबकतो.

नव्वदीच्या दशकात मी बोईसरला फौजदार होतो. एका सोमवारी सकाळीच एका कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. विषारी रसायनाचं एक रिकामं पिंप गायब होतं, आणि ते अजून धुतलेलं नव्हतं. आमच्या भागात अशी पिंपं घरोघर पाण्यासाठी वापरतात.

"बाहेर बोलू नका साहेब, पार सालवड गावापर्यंत घबराट पसरेल," मॅनेजर म्हणाला. मीही ऐकलं. पहारेकऱ्यांना एकेक करून समोर बसवलं आणि फक्त "पिंप कोणी नेलं?" एवढंच विचारलं. "आमाला नाय म्हायीत, सायेब." दोन दिवस असेच गेले. फोन वाजला की वाटायचं, आला, कोणी तरी मेल्याचा निरोप आला.

पहारेकरी ठरलेल्या वेळी गोदामांची फेरी मारून सही करत, आणि त्या सह्या कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवलेल्या असत. मी ती यादी पुन्हा पुन्हा चाळत बसलो. शेवटी तिथली कॉम्प्युटरवाली बाई वैतागली. "साहेब, यात झालेल्याच फेऱ्या दिसणार. न झालेली कशी सापडेल?"

तिने एका तक्त्यातली सहा गोदामं आणि दुसऱ्यातल्या फेऱ्यांच्या आठ वेळा घेतल्या आणि प्रत्येक गोदामाची प्रत्येक वेळेशी जोडी लावली. याला क्रॉस जॉइन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दिवसाच्या अठ्ठेचाळीस जोड्या झाल्या. सही असलेल्या तिने वगळल्या. उरली एकच: रविवार दुपार, चार नंबरचं गोदाम.

तिथे ड्युटी मुरबे गावच्या एका वयस्क पहारेकऱ्याची होती. फेरी सोडून तो पिंप न्यायला गेला असणार, म्हणून त्याला पुन्हा बोलावलं.

"देवाशपथ सायेब, मी काय चोरलं नाय."

माझा तोल गेला. "अरे बाबा, ते पिंप धुतलेलं नव्हतं! विष आहे त्यात!"

त्याने माझे पाय धरले. "सायेब, आज माज्या पोरीची हळद हाय. मांडवात त्यातच पाणी भरनार हायत."

जीप कशी हाकली, देवाला ठाऊक. मांडवात एक बाई पिंपात तांब्या बुडवत होती. मी बुटांसकट आत घुसलो आणि लाथ घालून पिंप आडवं केलं. बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली.

"कोणी प्यायलं का?" मी ओरडलो.

"नाय! आताच भरलाय!"

पहारेकरी हळदीने माखलेल्या लेकीला धरून ढसाढसा रडत होता.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र लाज वाटत होती. तपासात काय लपवायचं हे आम्हाला शिकवतात, काय सांगायचं हे कोणी शिकवत नाही. पहिल्याच दिवशी तो माणूस माझ्यासमोर बसला होता. पिंपात विष आहे, एवढं मी बोललो असतो, तर त्याने धावत घरी जाऊन स्वतःच ते आडवं केलं असतं.