परसातला सुरण

भागीरथीनं आणि मी शेवटचं नीट जेवण केलं ते सुरणाचं. शहरात गाठीचा ताप आला, घराघरात उंदीर मरायला लागले, तशी दरबारातनं हुकूम निघाला आणि आम्ही नवराबायको घराला कडी घालून माळावरच्या खोपीत राहायला गेलो. खोपीपुढं बसून तिनं हाताला तेल चोपडलं, नाहीतर खाज सुटते, आणि गड्डा चिरून चिंचेच्या पाण्यात उकडला. मी भाकरीवर भाकरी मागत गेलो.

तो सुरण आमच्या परसातला. तरुणपणी पन्हाळ्याच्या रानातनं तिनं मुठीएवढा गड्डा आणून लावला होता. दरसाल काढायचा, खायचा, कोंब फुटतो तो डोळ्याचा तुकडा राखेत घोळवून ठेवायचा, वळीव झाला की परत पुरायचा. एका साली त्याला फूल आलं. जांभळं, सुपाएवढं, आणि वास मेल्या उंदराचा! मी घर उलथंपालथं केलं. शेजारीण ओरडली, "भागे, काय मेलंय गं तुझ्या घरात?" ही पदरात तोंड खुपसून हसत होती. "मेलंय कुठलं? फुललंय की!"

खोपीत रोज तीच आमटी. मिशा पिकल्या तरी माझ्या जिभेचे चोचले गेले नव्हते. म्हणालो, "परसातला सुरण तयार झाला असंल बघ."

"मग आणा की जाऊन."

मी उठलो नाही. परसाला वाट घरातनंच, आणि त्या घरात पाय टाकायला मी भीत होतो... दुपारी ती ओच्यात गड्डा घेऊन आली.

"आत वास येत हुता काय गं?"

"व्हय. आपल्या फुलासारखा."

ती हसली. मीही हसलो, आणि चिंच जरा जास्त घाल म्हणालो.

मग तिला ताप चढला, काखेत गाठ आली. लोक समजावतात, खोपीत बसूनही आला असता. असंल. पण सुरण मागितला कुणी?

तिला मसणात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोपीत राखेत घोळवून ठेवलेला सुरणाचा डोळा उचलला, एकट्यानं जाऊन घराची कडी काढली. आत तो वास होताच. परसात तिनं उकरलेला खड्डा तसाच उघडा, तळाशी तिनं मागं ठेवलेली गड्ड्याची बारकी पिल्लं. पुरायची ही वेळ नव्हे, ती ओरडली असती. तरी बसलो, डोळा मधे ठेवला, पिल्लं भोवतीनं लावली, मूठमूठ माती सारली.

हाताला तेल लावलं नाही.